बीपीची गोळी, शुगरची गोळी आणि दोन एन्झाइम

मंडळी, खानापूर-निपाणी भागातल्या बऱ्याच घरांत औषधांच्या डब्यात दोन पट्ट्या असतात, एक बीपीची आणि एक शुगरची. त्यांवरची नावं नीट वाचा. एनालाप्रिल, रामिप्रिल या 'प्रिल' गोळ्या. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या 'ग्लिप्टिन'. दोन्ही गट एकेक एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, अडवतात: 'प्रिल' एसीईला, 'ग्लिप्टिन' डीपीपी-४ला.

आधी एसीई पाहू. ते अँजिओटेन्सिन २ नावाचं द्रव्य तयार करतं आणि त्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात. टाइप टू मधुमेहात याचा फटका किडनीला बसतो. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी बारीक वाहिनी आवळली की आतला दाब वाढतो आणि लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जायला लागतं. गोळीने ती वाहिनी सैल पडते. म्हणून लघवीत अल्ब्युमिन सापडलं की या गोळीचा किंवा अँजिओटेन्सिन २ चा परिणाम रोखणाऱ्या टेल्मिसार्टनसारख्या गोळीचा विचार आधी होतो.

गाळणीतला दाब उतरतो, तसं सुरुवातीला रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) थोडं चढतं. १.० चं १.२ झालं की घाबरून गोळी सोडणारे पुष्कळ भेटतात आणि तिथंच नुकसान होतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते; त्यापुढे गेली तर कारण शोधायचं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही तपासा, नुसतं बीपी मोजून भागत नाही. या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि 'लो सोडियम' मिठाच्या पुड्यांत पोटॅशियम क्लोराइड असतं. या गोळीबरोबर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

भात लावणीत कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणली जाते. 'प्रिल', लघवी वाढवणारी गोळी आणि ही वेदनाशामक एकत्र आली की किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात जुलाब-उलट्या लागल्या तर किडनी अचानक बसू शकते. अशा आजारपणात 'प्रिल' तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ठरवा.

एसीईचं आणखी एक काम म्हणजे ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडणं. गोळीमुळे ते साचलं की कोरडा खोकला सुटतो. कफ सिरप पिऊन तो जात नाही, गोळी बदलावी लागते. सबस्टन्स पी नावाचं द्रव्य तर एसीई आणि डीपीपी-४ (ग्लिप्टिन अडवते ते) दोघेही मोडतात. दोन्ही गोळ्या चालू असल्या की त्याचे दोन्ही रस्ते बंद. त्यातून क्वचित ओठ, जीभ, घसा सुजतो. ही नेहमीची ॲलर्जी नव्हे, त्यामुळे सेट्रिझिनवर विसंबू नका. श्वास अडकत असेल तर थेट इस्पितळ गाठा, जाताना दोन्ही पट्ट्या बरोबर घ्या. एकदा अशी सूज आलेल्या माणसाला कुठलीच 'प्रिल' पुन्हा द्यायची नसते. हे फाईलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून घ्या.