पावतीतले २ रुपये ४८ पैसे

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं जिनिंग, तिथलं कापूस खरेदी केंद्र. कापसाची गाडी काट्यावर.)

भरल्या गाडीचं वजन झालं, मग रिकामीचं. निव्वळ कापूस १२ क्विंटल ४० किलो, ओलावा १० टक्के. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांच्या वर जितका, तितके टक्के भावात कपात. १२ च्या वर गेला तर खरेदीच नाही. इथे कपात १६२ रुपये २० पैसे. क्विंटलला ७,९४७.८० प्रमाणे होतात ९८,५५२ रुपये ७२ पैसे.

(दृश्य: खिडकीवर पावती, शेजारी मोबाइल.)

मेसेजमध्ये हाच आकडा आहे. छापील पावतीवर मात्र ९८,५५५.२०. केंद्राच्या संगणकात पावतीच्या पानाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यानं भाव आधीच पूर्ण रुपयांत, ७,९४८ केला आणि मग वजनाने गुणला. गणिताचा नियम एक, पण तो लिहिला दोन ठिकाणी. खिडकीवरच्या माणसाने शेतकऱ्याला काय सांगायचं?

हिशोबाचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा हिशोब करणारा तुकडा, एकच हवं. त्याला वजन, ओलावा, कापसाची प्रत आणि तारीख द्यायची, रक्कम घ्यायची. आकडा कोणत्या पायरीवर पूर्ण करायचा, ते त्यानेच ठरवायचं. पावती, मेसेज, मोबाइलचं पान, सगळ्यांनी त्यालाच विचारायचं. ब्राउझरमध्ये अंदाज खुशाल दाखवा. पण सर्व्हरने, म्हणजे केंद्राच्या मुख्य संगणकाने, हिशोब पुन्हा केलाच पाहिजे, कारण ब्राउझरमधून आलेला आकडा कुणीही बदलून पाठवू शकतो.

(दृश्य: डेटाबेसमधलं टेबल.)

डेटाबेसमध्ये वजन किलोत, रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक. ‘१२ क्विं. ४० कि.’ असा मजकूर साठवला की दिवसअखेरची बेरीज अडते. ‘९’ आणि ‘१०’ मजकूर म्हणून ठेवले, तर क्रमात १० आधी येतो. देवनागरी अंक, स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह, ही सजावट पानाकडे.

भावाचं टेबल वेगळं, प्रत्येक ओळीला लागू तारीख. भाव पानातच लिहून ठेवला, तर २०२४-२५ ची ७,५२१ च्या भावाची पावती २०२५-२६ मध्ये पुन्हा छापताना ८,११० दाखवते. म्हणून लागलेला भाव खरेदीच्या नोंदीतही ठेवायचा. ही पुनरुक्ती मुद्दाम केलेली, आणि योग्यच.

पान, हिशोब आणि डेटाबेस असे तीन थर वेगळे ठेवायची ही वाटणी जुनी आहे. ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची, म्हणजे माहिती, दिसणारं पान आणि वापरणाऱ्याच्या सूचना वेगळ्या ठेवण्याची, कल्पना मांडली, तेव्हा वेब नव्हतंच. आणि तीन थर म्हणजे तीन सर्व्हर नव्हेत. एवढ्या केंद्राला एका मशीनवर तीन फोल्डर पुरतात. उगाच पसारा वाढवला तर तो सांभाळणारा माणूस तालुक्याला शोधावा लागतो.

(दृश्य: स्क्रीनवर चाचण्या.)

तपासायचं असेल तर पानं आणि डेटाबेस दोन्ही बंद ठेवून फक्त हिशोबाचं फंक्शन चालवा. ओलावा ८ ला कपात शून्य, १२ ला चार टक्के, १२.१ ला नकार. ८.५ ला अर्धा टक्का कापायचा की काहीच नाही, हे प्रोग्रामरने नाही, केंद्राने ठरवायचं, तेही पहिली गाडी काट्यावर चढण्याआधी.