निळीला निळी जोडली आणि सहा लाइट फुटले

हे बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो. एलईडी हायबेचा, म्हणजे उंच छताला लावतात त्या मोठ्या लाइटचा ड्रायव्हर आहे हा, लाइटला लागेल तशी वीज करून देणारा डबा, आणि हा जो डोकं फुगून फाटलेला कपॅसिटर, आतला वीज साठवणारा भाग, त्याच्या अंगावर वाचा, झेलायची मर्यादा ४५० व्होल्ट. गेल्या चतुर्थीच्या आधी म्हापशात एका फर्निचर शोरूममध्ये असे सहा उडाले आणि काम माझंच होतं, म्हणजे जोडणी हाताखालच्या पोराने केली पण बघायला हवं होतं मी.

झालं काय, फिटिंगमधून ब्राऊन आणि निळी वायर बाहेर येते, ब्राऊन फेज म्हणजे जिवंत वायर, निळी न्यूट्रल म्हणजे परतीची. पण छतातून आलेली थ्री फेजची, म्हणजे तीन जिवंत वायरींची केबल लाल, पिवळी, निळी, काळी, आणि त्यात निळी हा तिसरा, बी फेज असतो, न्यूट्रल ती काळी! पोराने ब्राऊनला लाल लावली, निळीला निळी, रंग जुळले म्हणून खूश. दोन्हीकडून फेज, म्हणून फिटिंगला २३० व्होल्टच्या जागी गेले ४१५.

स्विच मारला, लाइट लागले सुद्धा, मालक 'बरें दिसता रे' म्हणेपर्यंत फट, फट, फट, आणि तो जळका वास जो एसीच्या थंडीतही तासभर जात नाही.

हिशोब साधा आहे. २३० चा पीक, म्हणजे लाटेचा सगळ्यात उंच टोक, ३२५ च्या आसपास, तेवढा कपॅसिटर झेलतो. ४१५ चा पीक जातो ५८७ वर. ४५० वाल्याने काय करायचं बिचाऱ्याने?

पण माझी खरी फाटली ती नंतर. स्विच बंद करून शिडीवर चढलो, सवयीने टेस्टर लावला तर निळीवर तो पेटतोय! स्विच फक्त लालला तोडत होता, दुसरा फेज तसाच जिवंत. आणि टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, २३० की ४१५ ते नाही. दोन्ही वायरींवर पेटला की हात मागे घ्या, एकतर दोन्ही फेज आहेत नाहीतर न्यूट्रल तुटलाय.

म्हणून व्होल्ट मोजायचा मीटर घ्या, त्याची चकती एसी व्होल्टच्या ७५० वर ठेवा, ज्या दोन वायर फिटिंगला जाणार त्यांच्यातच मोजा. मोजून झालं की मेन बंद करा, २३०-२४० आला असेल तर जोडा, चारशेच्या वर गेला असेल तर काळी शोधा.

सहा ड्रायव्हरचे पैसे माझ्या खिशातून गेले, आणि पोरगा आता मीटर खिशात घेऊनच जेवायला बसतो.