जुन्या वाड्यातली नवी न्हाणी: आधी ढाळ, मग फरशी

मंडळी, आजचा विषय नेमका आहे. घर जुनं आहे, भिंती काळ्या दगडाच्या आणि माती-चुन्याच्या आहेत, संडास परसात आहे, आणि घरात गुडघे दुखणारं वयस्कर माणूस आहे. त्यांच्यासाठी तळमजल्यावर, उंबरा नसलेली, न्हाणी आणि संडास एकत्र असलेली खोली करायची आहे. साताऱ्याच्या पेठांतली घरं असोत की सांगलीच्या गावभागातली, प्रश्न बराचसा सारखाच असतो.

घरमालक बहुतेक वेळा आधी फरशी पसंत करायला जातात. हे काम मात्र घराबाहेरच्या चेंबरपासून, म्हणजे सांडपाण्याचे पाइप येऊन मिळतात त्या झाकणाच्या हौदापासून, मागे मागे घरात आणायचं असतं. खोलीतली तयार फरशी शून्य धरा. पाण्याच्या लेव्हल नळीनं बघा, की चेंबरमधल्या पाइपाचा तळ त्याच्या किती इंच खाली आहे, आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. आता उलटा हिशेब करा. न्हाणीच्या पाण्याच्या ७५ मिलिमीटर पाइपाला फुटाला दोन सूत ढाळ द्यायचा (आठ सूत म्हणजे एक इंच). चेंबर वीस फुटांवर असेल तर ४० सूत झाले, म्हणजे ५ इंच. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखाली थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्याच्या, उंचीचे साधारण ६ इंच. खोलीतल्या फरशीचा उतार सव्वा इंच. बेरीज सव्वाबारा इंच होते. थोडी सवलत धरून सव्वा फूट हाताशी हवा. तेवढा मिळत नसेल तर खोलीची जागा बदला किंवा चेंबर जवळ आणा. फरशी बसल्यावर हे लक्षात आलं तर उपाय एकच उरतो, खोली उंच करणं. मग पायरी आली, आणि ज्या कारणासाठी काम काढलं तेच फसलं.

जुन्या घरांचं जोतं दोन-अडीच फूट उंच असतं, हे आपलं भाग्य. लागणारा खोलपणा त्या जोत्यातच मिळतो. संडासाच्या ११० मिलिमीटर पाइपाला फुटाला दीड सूत पुरतो. त्याला उगाच जास्त ढाळ देऊ नका, पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. संडासाची लाइन थेट चेंबरला जोडा. न्हाणीचं पाणी आधी गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे चेंबरच्या अलीकडच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या ट्रॅपमध्ये पडू द्या, नाहीतर चेंबरचा वास घरात येतो.

काही जण विचारतात, माडीवर करता येईल का? कडीपाटावर, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या जमिनीवर, करू नका. पाच बाय सातच्या खोलीत सहा इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा (फरशीखालचा भरावाचा थर) भरला तर नुसता कोबाच नऊशे किलोच्या आसपास जातो. वर फरशी, कमोड, पाणी आणि माणसं वेगळी. त्याहून वाईट म्हणजे तुळयांची टोकं भिंतीत दडलेली असतात. तिथे ओल मुरत राहते आणि लाकूड आतून कुजतं, खालून काहीच दिसत नाही. माडीवर हवीच असेल तर परसाच्या बाजूला, स्वतःच्या कॉलमवर उभी असलेली वेगळी खोली बांधा.

तळमजल्यावर साधारण सव्वा फूट खणावं लागतं: सोलिंगला (दगड रचून केलेल्या थराला) ६ इंच, काँक्रीटला ४, उताराच्या कोब्याला २ ते ३, फरशी आणि तिच्या मालाला १ इंच. भिंतीलगत खणताना पायाचा दगड कुठे सुरू होतो ते आधी एक छोटा खड्डा घेऊन पाहा. पायाच्या तळाखाली कुदळ जाता कामा नये. खालचा मुरूम पाणी मारून धुमसून घ्या, वाळवीचं औषध मारा, मग सोलिंग. सांगलीकडे काळी माती लागली तर ती शक्य तितकी काढून मुरूम भरा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाइपाचे सांधे उघडते. पाइप तिथे वाळूच्या थरावरच ठेवा.

आता भिंती. मातीच्या मालातल्या दगडी भिंतीला पाइपासाठी आडवी झिरी मारायची नाही. दगड सुटतात, आतली माती गळते आणि भिंत पोकळ होते. त्याऐवजी जुन्या भिंतीचे सांधे चुन्याच्या मालानं भरून घ्या आणि तिच्या आतल्या अंगाला १:४ मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) चार इंची विटांची नवी भिंत उभी करा. तिचा पाया त्याच नव्या काँक्रीटवर येतो. पाइप तिच्यातून जातात, ओळंबा सरळ मिळतो, आणि आधाराचा दांडा जिथे बसणार तिथे विटेऐवजी काँक्रीटचा ठोकळा घालता येतो. खोली दोन्ही बाजूंनी पाच-सहा इंचांनी लहान होते, ते सोसा. जुन्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल तिथून निघायची वाट बंद होते आणि ती वर चढून दिवाणखान्यात लोणा, म्हणजे भिंतीवरचा पांढरा खार, फुटतो. तिथे चुन्याचाच गिलावा राहू द्या.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराला लागून असलेल्या घरांत वरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात बाहेरूनच पाणी ओढते. तिथे आतून ओल अडवणारं कितीही कोटिंग लावा, मागून येणारं पाणी ते ढकलून पाडतं. आधी भिंतीशी जोत्यावर साचलेली माती हटवा, पायाशी फूटभर रुंद चर काढून त्यात खडी भरा आणि पाणी कडेनं काढून द्या.

आता सगळ्यात नाजूक जागा, म्हणजे ट्रॅप. न्हाण्या गळतात त्या बहुधा ट्रॅपच्या गळ्याशी. प्लास्टिक गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला धरत नाही, आणि दोघांमध्ये केसाएवढी फट राहते. ट्रॅपचं बाहेरचं अंग पॉलिश पेपरनं खरवडा, त्यावर सॉल्व्हंट सिमेंट लावून ओलं असतानाच वाळू चिकटवा. मग भोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटनं भरा. ट्रॅपमध्ये पाण्याचा सील, म्हणजे वास अडवणारं साठलेलं पाणी, किमान ५० मिलिमीटर खोल हवा. दोन बोटं उंचीचा चपटा ट्रॅप उन्हाळ्यात आठवड्यात सुकतो आणि झुरळं वर येतात.

पाणी जायची, ट्रॅपवरची जाळी दारापासून लांबच्या भिंतीशी ठेवा. उतार फुटाला दीड सूत. सहा फुटांच्या खोलीत नऊ सूत, म्हणजे दाराशी फरशी जाळीपेक्षा इंचभरानं उंच. आणि हा उतार फरशीखालच्या कोब्यातच काढा. बहुतेक ठिकाणी कोबा सपाट करतात आणि फरशी लावताना मालानं उतार काढतात. मग सांध्यांतून झिरपलेलं पाणी खाली सपाट कोटिंगवर साचून राहतं. वर्षभरात वास येतो, फरशी पोकळ वाजायला लागते. कोब्याच्या मालात वॉटरप्रूफिंगचं द्रावण सिमेंटच्या पोत्याला २०० मिलिलिटर घाला. भिंत आणि जमीन मिळते तिथे गोल वाटा मारा, काटकोन ठेवू नका. सात दिवस पाणी मारा.

कोबा मुरला की सिमेंट-पॉलिमरचं दोन भागांचं कोटिंग. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. वाट्यांवर आणि ट्रॅपच्या गळ्याभोवती दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी दाबा, आणि कोटिंग ट्रॅपच्या ओठाच्या आत उतरवा. भिंतींवर एक फूट वर न्या. शॉवरच्या बाजूला पूर्ण सात फूट.

कोटिंग पूर्ण सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करा, दाराशी मालाचा तात्पुरता बांध घाला आणि खोलीत दोन इंच पाणी ४८ तास साठवा. भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची खूण करा. शेजारी एक सरळ कडांचं भांडं पाण्यानं भरून ठेवा आणि त्यावरही खूण करा: दोघांची पातळी सारखीच उतरली तर ती वाफ, खोलीतली जास्त उतरली तर गळती. तळमजल्याला खालून छत बघता येत नाही, म्हणून ही चाचणी टाळायची नाही. गवंडी घाईत असला तरी नाही.

फरशी खरबरीत, एक बाय एक फुटाची. एकाच जाळीकडे चारी बाजूंनी उतार असेल तर मोठी फरशी बसत नाही, कोपरे उचलतात. भिंतीलगत लांबट ड्रेन असेल तर उतार एकाच दिशेनं, मग मोठी चालेल. फरशी अॅडहेसिव्हमध्ये, सांधे इपॉक्सीचे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग अॅसिडनं घासले तर सिमेंटचे सांधे विरघळतात.

दार बाहेर उघडणारं, मोकळी रुंदी ३२ इंच. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्यालाच अडतं. आधाराचे दांडे जमिनीपासून ३२ ते ३६ इंचांवर, भिंतीपासून दीड इंच सुटे. कमोडची बैठक १७ ते १९ इंच.

गीझर विजेचा असेल तर १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. गॅस गीझर बंद न्हाणीत लावू नका. जळताना तो हवेतला ऑक्सिजन खातो, आणि हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो.

सांगलीकरांसाठी एक जास्तीचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली; धोक्याची पातळी ४५ आहे. नदी फुगली की पाणी गटारातून उलटं फिरतं आणि घरातली सगळ्यात खालची जाळी शोधतं. तीच आपली नवी न्हाणी असते. घरातून चेंबरला जाणाऱ्या दोन्ही लाइनवर, हात पोचेल अशा चेंबरमध्ये, उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. मे महिन्यात झाकण काढून त्यातला गाळ धुवा, कारण एक काडी अडकली तरी पडदा पूर्ण मिटत नाही. आणि व्हॉल्व्ह मिटलेला असताना आपलंही पाणी बाहेर जाणार नाही, तेव्हा पूर ओसरेपर्यंत ती न्हाणी वापरू नका.