दाते की ठिणग्या?

[व्हाइसमध्ये चौकोनी पाइप. हॅकसॉचं पातं सावकाश पुढे सरकतंय.]

हॅकसॉचं, म्हणजे धातू कापायच्या हातकरवतीचं, पातं पुढे जाताना कापतं, मागे येताना नुसतं परततं. म्हणून दाते पुढे तोंड करून बसवायचे आणि जोरही पुढे जातानाच द्यायचा. मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या पुष्कळ झाल्या. घाई केली की दाते तापतात आणि बोथट होतात.

घरच्या वर्कशॉपसाठी धातू कापायचं साधन म्हटलं की हात आधी अँगल ग्राइंडरकडे, म्हणजे फिरत्या चकतीने कापणाऱ्या हातातल्या मशीनकडे जातो. मला वाटतं, आधी तुकडा हातात घ्यावा. किती जाड आहे? कापलेल्या टोकावर नुसतं वेल्डिंग होणार, की ते कुठे चपखल बसवायचंय?

[पात्याचे दाते, अगदी जवळून.]

पात्यावर एका इंचात 18, 24 किंवा 32 दाते असतात. धातूच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दाते टेकले पाहिजेत. समजा, पाइपची भिंत अडीच मिलिमीटरची आहे. 18 दात्यांचं पातं लावलं, तर दोन दातेही धड टेकत नाहीत. कड दोन दात्यांमधल्या खाचेत अडकते आणि दाते कटाकट तुटतात. 32 चं पातं लावा, तीन दाते टेकतात आणि काप सुरळीत जातो. त्याहून पातळ पत्रा असेल, तर दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून फळ्यांसकट कापा.

[ग्राइंडर सुरू. ठिणग्यांचा झोत.]

ग्राइंडर झटपट कापतो, यात वाद नाही. लहान ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते, आणि जाडी? कित्येकदा जेमतेम एक मिलिमीटर. पट्टी दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापायला घेतली, की ती खाली लवते, काप मिटतो, चकती आवळली जाते आणि मशीन अंगावर उसळतं. म्हणून एक बाजू घट्ट धरा, दुसरी मोकळी सुटू द्या. चकतीवरचं संरक्षक झाकण, म्हणजे गार्ड, काढायचा नाही. कापायच्या चकतीच्या कुशीने घासायचं नाही. ठिणग्या जातील तिथे लाकडाचा भुगा, चिंध्या, पेट्रोल काहीही नको. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप बंद खोलीत कापूच नका, तो धूर छातीत गेला तर ताप भरतो.

पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं पोलाद मात्र करवतीला दाद देत नाही, तिथे ग्राइंडरच हवा. तरीही थांबत थांबत, पाण्यात गार करत कापा. कड निळी पडली, तर तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, असं समजा.

प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेने तापलेल्या वायूच्या झोताने कापणारं यंत्र, पत्र्यातून वळणं सुरेख काढतो, पण त्याला कोरडी दाबहवा लागते. गॅसच्या ज्योतीने कापणारा गॅस कटर स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम कापत नाही, शिवाय घरात सिलिंडर ठेवावे लागतात. मी तो घरी आणणार नाही.

[आडवा बँडसॉ, स्वतःच्या वजनाने खाली येतोय.]

रोज गज, अँगल, पाइप कापायचे असतील, तर माझं मत बँडसॉला, म्हणजे अखंड पट्टीचं पातं फिरवणाऱ्या यंत्रकरवतीला. काप सरळ येतो, तुकडा फारसा तापत नाही, शेजारच्यांना त्रास नाही. फक्त लाकडाच्या बँडसॉवर लोखंड घालू नका. त्याचा वेग कित्येक पटींनी जास्त असतो, पातं लगेच जळतं.

[पुन्हा हॅकसॉ. काप संपत आलाय.]

शेवटचे दोन मिलिमीटर राहिले की जोर काढून घ्या. डावा हात तुकड्याखाली… सुटला. आता कडेवर कानस.