दूधसागर पाहायचा तर पाऊस सरल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै लागला की दूधसागरची चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरू लागते. कड्यावरून कोसळणारा पांढराशुभ्र लोट, त्याच्या पोटातून गेलेला रेल्वेचा पूल आणि पुलावरून सरकणारी गाडी. ती पाहून दरवर्षी बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडून तरुण मुलं निघतात आणि रुळांवरून चालत धबधबा गाठायला बघतात. आज मला बोलायचंय ते त्यांच्याशी, आणि त्यांच्या आईवडिलांशीही.

दूधसागर जरूर पाहा. पण पावसाळा सरल्यावर, आणि गोव्यातल्या कुळे गावाच्या वाटेनं.

गोवा आणि कर्नाटकाच्या हद्दीवर सुमारे ३१० मीटर उंचीवरून, चार टप्प्यांत हे पाणी खाली येतं. भोवती भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान, दोन्ही मिळून २४० चौरस किलोमीटर. हे जंगल वगळून धबधब्याचा विचारच करता येत नाही. आषाढ-श्रावणात घाटावर कोसळलेला पाऊस सगळाच्या सगळा वाहून जात नाही. पालापाचोळ्यात अडतो, मुळांच्या आधारानं मातीत मुरतो आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांतून बाहेर येत राहतो. जानेवारीत आभाळ कोरडं ठणठणीत असतं, तरी कड्यावरून धार पडत असते. तिथं उभं राहून मुलांना विचारा, हे पाणी आलं कुठून? उत्तर चहूबाजूंनी उभंच आहे.

कुळ्याहून जीप मिळते. साधारण ऑक्टोबरात वाट खुली होते; त्याआधी ओहोळ दुथडी भरलेले असतात. जीप त्या ओहोळांच्या पाण्यातूनच पलीकडे जाते आणि लहान मुलं आनंदानं ओरडतात. ओरडू द्या, पण मग त्यांना गप्प बसायलाही सांगा. ऐनाच्या उंच झाडांवर शेकरू दिसण्याची शक्यता असते, तोच आपला महाराष्ट्राचा राज्यप्राणी. गोव्याचा राज्यप्राणी गवा, तोही याच रानात. आणि पिवळ्या अंगाचा, लालबुंद गळ्याचा बुलबुल दिसला तर गोव्याचा राज्यपक्षी पाहिलात म्हणून समजा. धबधब्यापाशी माकडं मात्र हटकून भेटतील. त्यांना वेफर्स, बिस्किटं देऊ नका, कितीही हात पुढे केले तरी.

आता त्या रुळांविषयी. मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडण्यासाठी पोर्तुगीज अमदानीत, १८८० च्या दशकात, ही लाइन घातली गेली. कुळे ते कॅसलरॉक हा तिचा घाटातला भाग. इतका खडा, की चाळीसएक मीटर पुढे गेलं की रूळ एक मीटर वर चढलेला असतो. गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लावावी लागतात. वरून उतरणारी जड मालगाडी समोर माणूस दिसला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, थांबूच शकत नाही. वाटेत बोगदे आहेत, आत अंधार. त्यात पावसाचा आणि धबधब्याचा असा घोष, की मागून आलेली गाडी ऐकू येत नाही. रुळांवर चालणं रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहेच, पण मला दंडाची नाही, त्या बोगद्यांची भीती वाटते. भर पावसातला दूधसागर पाहायचाच असेल, तर पुणे, मिरज, बेळगावमार्गे धावणारी गोवा एक्स्प्रेस याच घाटातून जाते. दिवसाउजेडी जाणाऱ्या फेरीचं तिकीट काढा आणि खिडकीतून पाहा. दारात लटकून नाही.

याच लाइनला जोडून दुसरा रूळ टाकायचं ठरलं, तेव्हा २०२० मध्ये गोव्यातली माणसं मोल्याच्या झाडांसाठी उभी राहिली. विद्यार्थी होते, चित्रकार होते, शास्त्रज्ञ आणि वकीलही होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मला ही लढाई फार मोलाची वाटते. वर सांगितलेला हिशेबच त्या लोकांनी मांडला होता: झाडं गेली की पाणी जातं.

आणि हे पाणी पुढे कुठं जातं, तेही सांगते. धबधब्याची नदी खाली उतरून खांडेपार होते आणि मग मांडवीला मिळते. त्याआधी तिच्या काठी ओपाचा जलप्रकल्प लागतो. फोंडा आणि पणजीच्या कितीतरी घरांत तिथूनच प्यायचं पाणी जातं. धबधब्याखालच्या डोहात उतराल तेव्हा लाइफ जॅकेट अंगावर असू द्या, कारण खडकांवर शेवाळ असतं आणि डोह खोल आहे. आणि साबण, शाम्पूच्या पुड्या मात्र सामानात घेऊच नका.

नमस्कार.