दसऱ्याआधीची तपासणी

(दृश्य : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, पोरंबाळं. टोळी निघाली आहे.)

बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीला गाव सोडतात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशेबातली एक जोडी. एकीनं दवाखान्यासाठी दिवस मोडला तरी दोघांचा खाडा लागतो आणि पैसे हिशेबातून कापले जातात.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. संसर्ग टिकून राहिला, तरी कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. एवढ्या अवधीत तो गाठता येतो, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या तिशी-चाळिशीतल्या बायका शंभरात जेमतेम दोन निघाल्या.

(दृश्य : उपकेंद्रातलं टेबल, दिवा, कापसाचे बोळे.)

पॅप तपासणीत गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेतात. ती प्रयोगशाळेत जाते, अहवाल आठवड्यांनी येतो, मग पुन्हा बोलावणं. म्हणजे किमान दोन खेपा, आणि दुसऱ्या खेपेला कितीतरी जणी येतच नाहीत. त्यावर तोडगा म्हणून व्हीआयए आली, म्हणजे सौम्य ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी. 95 मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात 5 मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. द्रावण रोज ताजं करायचं. प्रमाण चुकून ते तीव्र झालं तर त्वचा भाजते. बोळा गर्भाशयमुखाला लावायचा, पूर्ण एक मिनिट थांबायचं, मग भरपूर उजेडात बघायचं. ठळक कडेचा, घट्ट पांढरा डाग दिसला तर तपासणी पॉझिटिव्ह. गर्दीच्या शिबिरात नेमकं ते एक मिनिटच कापलं जातं. साधी सूज असली तरी फिकट पांढरेपणा येतो आणि उगाच घबराट होते. पाळी गेलेल्या बाईत बघायची जागाच आत सरकलेली असते. तिथे या तपासणीवर विसंबू नये.

डाग पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत गेलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर त्याच बैठकीत सुमारे 100 अंशांची तापती सळई काही सेकंद टेकवून तो जाळता येतो. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो. हे आधी सांगितलं नाही, तर बाई घाबरून भलत्याच दवाखान्यात जाते.

(दृश्य : बार्शी. रुग्णालयाचा दर्शनी भाग.)

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीनं 1999 पासून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या 497 गावांत 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. चार गट, प्रत्येकी एकतीस ते चौतीस हजारांचे. तपासणी न दिलेल्या गटात या रोगानं 64 मृत्यू, एकदाच एचपीव्ही तपासणी (नमुन्यात थेट विषाणू शोधणारी) झालेल्या गटात 34. एकदाच केलेल्या व्हीआयएनं मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. (तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्तच होते.) मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाच्या चमूनं दर दोन वर्षांनी, चारदा व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका.

वस्तीत पुन्हा पुन्हा जाता येत असेल तर व्हीआयए चालते. आयुष्यात एकदाच गाठ पडणार असेल तर एचपीव्हीच हवी, आणि टोळीतल्या बाईची गाठ एकदाच पडते असं धरून चालावं. तपासणी पोचत नाही तिथे कर्करोगाची भीती मात्र आधीच पोचलेली असते. बीडमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा अंगावरून पांढरं जातंय एवढ्यावर कर्करोगाची धास्ती घातल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

(दृश्य : आशाताईच्या हातात छोटा ब्रश आणि नळी.)

एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. ब्रश आत सरकवायचा, काही वेळा फिरवायचा, नळीत ठेवायचा. आडोसा पुरतो, टेबल लागत नाही. अडतं ते पुढे: अहवाल येईपर्यंत टोळी कर्नाटकात पोचलेली असते. म्हणून नमुने मे ते जुलैमध्ये घ्यावेत, अहवाल ऑगस्टपर्यंत आशाताईच्या हाती यावेत, आणि पॉझिटिव्ह निघालेल्या बायकांचे उपचार मुकादमाची (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) गाडी लागायच्या आत उरकावेत.