टेकडी मोकळी ठेवायची नाही

(दृश्य: पहाट. जहाजाचा कठडा. समोर अंधुक किनारा.)

सकाळचे सहा वाजून गेलेत. एरवी क्रूझवर या वेळी दोनच प्रकारची माणसं जागी असतात: डेक धुणारी, आणि चहाच्या शोधात निघालेले आपल्याकडचे काका. आज मात्र कठड्याला जागा नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेट्टात शिरताना झोपून राहू नका, असं कालच सगळ्यांना बजावलं होतं.

लाटा अडवणाऱ्या दोन धक्क्यांच्या मधून जहाज आत वळतं आणि उजव्या हाताला सेंट एल्मोचा किल्ला येतो. त्याच्यामागून तटबंदी सुरू होते, ती संपतच नाही. भिंत इतकी जवळ येते, की बाराव्या मजल्यावरून बुरुजावर अंग ताणणारं मांजर दिसतं. डावीकडे पाण्यात घुसलेली दोन लांबट टोकं, बिर्गू आणि सेंग्लीया. पहिल्याच्या नाकावर सेंट अँजेलो किल्ला. हे माल्टाचं बंदर, ग्रँड हार्बर. समुद्रातून येणाऱ्या परक्या जहाजाला धडकी भरावी, या एकाच हेतूनं हे सगळं रचलंय. आपण तिकीट काढून आलोय, एवढाच फरक.

(दृश्य: जुना नकाशा. टेकडीची जागा रिकामी.)

आज जिथं व्हॅलेट्टा आहे, तिथं १५६६ पूर्वी शहर नव्हतं. सिबेरास नावाची उघडीबोडकी टेकडी होती.

सेंट जॉनचे सरदार म्हणजे एक ख्रिस्ती पंथ, मूळचे इस्पितळ चालवणारे, पुढे लढवय्ये झालेले. तुर्कांच्या ऑटोमन सुलतानानं त्यांना ऱ्होड्स बेटावरून हुसकावलं. मग १५३० मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सनं त्यांना माल्टा दिलं. भाडं, वर्षाला एक ससाणा! त्यांनी पलीकडे बिर्गूत मुक्काम केला. सिबेरासच्या टोकाला सेंट एल्मोचा छोटा किल्ला बांधला, पण मागची टेकडी तशीच राहिली.

मे १५६५ मध्ये ऑटोमन आरमार आलं आणि त्यांनी आधी काय केलं असेल? त्या मोकळ्या टेकडीवर तोफा चढवल्या. घरावर चढून घरातच दगड मारावेत, तसा प्रकार. सेंट एल्मो महिनाभर झुंजला आणि २३ जूनला पडला. मग तुर्कांनी याच डोंगराच्या पाठीवरून होड्या ओढत नेल्या आणि बंदराच्या आतल्या पाण्यात उतरवल्या, म्हणजे सेंट अँजेलोच्या तोफांसमोरून जायला नको. तरी बिर्गू आणि सेंग्लीया पडले नाहीत. सप्टेंबरात सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. ८ सप्टेंबरची सुट्टी माल्टात आजही त्याची आठवण म्हणून असते.

सरदारांचा प्रमुख होता ज्याँ द व्हॅलेट. वय सत्तरच्या घरात. विजयानंतर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली असावी: ही टेकडी पुन्हा मोकळी ठेवायची नाही. पोपनं लापारेल्ली हा आपला अभियंता धाडला आणि २८ मार्च १५६६ रोजी पायाचा दगड बसला. शहराला नाव व्हॅलेटचं मिळालं, पण शहर उभं राहिलेलं त्याला दिसलं नाही. १५६८ मध्ये तो गेला.

(दृश्य: भिंतीचा दगड, अगदी जवळून.)

जरा या दगडाला हात लावा. चुनखडीचा आहे, मधासारखा पिवळा. इथले लोक त्याला फ्रांका म्हणतात. खाणीतून काढताना इतका मऊ, की करवतीनं कापता येतो. हवा लागली की वरून कडक होतो. कोकणात ज्यांनी चिऱ्याची खाण पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. आपला जांभाही असाच. पण जांभ्याला पाऊस झोडपतो, याला खारा वारा खातो. बंदराकडच्या भिंतींवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत. बोट फिरवलं की पिवळी भुकटी बोटाला लागते.

(दृश्य: धक्का. रंगीत दारांची रांग.)

जहाज लागतं ते पिंटोच्या वखारींसमोर. अठराव्या शतकातल्या आहेत. दारांना निळा, हिरवा, पिवळा, लाल रंग. मासळी, भाजी, धान्य आणि वाईन अशी ही खूण. आता आत उपाहारगृहं आहेत. फार थांबू नका.

वर शहरात जायला जिने आहेत किंवा ५८ मीटर उंचीची बराक्का लिफ्ट. आमच्या कॅमेरामननं गुडघ्यांचा विचार करून लिफ्ट निवडली, मी हौसेनं जिने. अर्ध्यावर कळलं, त्याचं बरोबर होतं. टेकडीचा माथा छाटून सपाट करायचा, असं मूळ आराखड्यात होतं. शत्रू परत येईल या धास्तीत ते काम अर्धवट राहिलं. म्हणून रस्ते नकाशावर पट्टीनं आखल्यासारखे सरळ, आणि चालताना निव्वळ चढउतार. गल्लीच्या दोन्ही टोकांना समुद्राचा निळा तुकडा. वर पाहावं, तर बंद लाकडी सज्जे, गल्लारिया: हिरवे, लाल, काही रंग उडालेले. एका सज्ज्यातून दोरीला बांधलेली टोपली खाली आली, कुणीतरी त्यात पाव ठेवला, टोपली वर गेली. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

(दृश्य: सेंट जॉनचं कॅथीड्रल. आधी बाहेरून, मग आतून.)

बाहेरून कोठारासारखं साधं. आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. सोन्याचा मुलामा नाही अशी बोटभर जागा सापडत नाही. माझं मत विचाराल, तर जरा जास्तच आहे. जमिनीकडे पाहा. सुमारे चारशे सरदारांच्या थडग्यांवरच्या संगमरवरी फरश्या, त्यांवर रंगीत दगडांत बसवलेले सांगाडे, वाळूची घड्याळं, कोयते. आपण त्यांच्यावरूनच चालत असतो.

दिवसभरात एकच गोष्ट पाहायची असेल, तर ती शेजारच्या प्रार्थनागृहात आहे. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो, १६०८. सेंट जॉनचा शिरच्छेद. चित्र पाच मीटरहून रुंद. माणसं सगळी डावीकडे गोळा झालीत. उजवीकडे जवळजवळ रिकामी भिंत, तिच्यात गजांची खिडकी, आणि खिडकीतून दोन कैदी बघतायत. जल्लाद मान पूर्ण तोडण्यासाठी पाठीमागचा सुरा काढतोय. जमिनीवर रक्ताचं थारोळं. त्या रक्तातच चित्रकारानं आपलं नाव लिहिलंय. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र.

सहीआधी एक अक्षर आहे, बंधू या अर्थाचं. रोममध्ये खून करून पळालेला हा माणूस माल्टात येऊन नुकताच सरदारांच्या पंथात दाखल झाला होता. ते सुख काही महिने टिकलं. मारामारी, मग सेंट अँजेलोत कैद, मग तिथून पलायन. १ डिसेंबर १६०८ ला पंथानं त्याला काढून टाकलं, ते याच दालनात, याच चित्रासमोर.

सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून विलायतेला निघालेली ‘क्लाइड’ बोट माल्टाला थांबली, तेव्हा अठरा वर्षांचा एक गुजराती विद्यार्थी असाच काही तासांसाठी उतरून हे चर्च आणि सरदारांचं शस्त्रागार पाहून गेला. मोहनदास करमचंद गांधी. तेव्हाही बोटीची वेळ गाठायचीच होती.

(दृश्य: अप्पर बराक्का बाग. दुपारचे बारा.)

बारा वाजता खालच्या तोफखान्यातून एक बार उडतो. पर्यटकांसाठी, हे खरंच. पण पूर्वी याच आवाजावर बंदरातले कप्तान आपली घड्याळं लावत.

याच कठड्यांवर १५ ऑगस्ट १९४२ ला माणसांची रीघ लागली होती. दुसरं महायुद्ध. बॉम्बवर्षाव, आणि बेटावर अन्नाचा तुटवडा. शेवटचा प्रयत्न म्हणून चौदा मालवाहू जहाजं निघाली. पोहोचली पाच. त्यांतलं शेवटचं, तेल घेऊन येणारं ‘ओहायो’, इतकं फुटलं होतं की ते स्वतः तरंगू शकत नव्हतं. दोन विनाशिकांच्या मधे बांधून, दोघांनी दोन्ही बाजूंनी काखेत धरून आजाऱ्याला आणावं, तसं ते आत आणलं. दिवस सांता मारियाच्या सणाचा. माल्टीज लोक या ताफ्याला आजही सांता मारियाचा ताफा म्हणतात.

(दृश्य: दायसा. वल्ह्यांचा आवाज.)

पलीकडे बिर्गूला जायचं ते दायसानं. दोन्ही टोकं उंच उचललेली रंगीत होडी. नावाडी उभ्यानं, पुढे तोंड करून वल्ही मारतो. मधेच त्यानं शेजारच्या होडीतल्या माणसाला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी माना वळवल्या. ‘साहेब’ असंच काहीतरी ऐकू आलं होतं.

शब्द होता सीहेब. माल्टीजमध्ये सोबती, भागीदार. मूळ तेच अरबी, जे फारसीतून आपल्याकडे येऊन ‘साहेब’ झालं. आपल्याकडे खुर्चीत बसलं. इथं वल्ही मारतंय. नवव्या शतकात अरब इथं आले आणि भाषा ठेवून गेले. पुस्तक म्हणजे क्तीब, आपलं किताब. जग म्हणजे दिन्या, आपली दुनिया. ‘वासल’ म्हणजे पोहोचला. आपण पैसे पोहोचले की ‘वसूल’ म्हणतो. लिपी मात्र रोमन, आणि प्रार्थना कॅथलिक.

आपल्याकडची माणसंही या पाण्यावर येऊन गेलीत. १८७८ मध्ये रशियाशी लढाईची चिन्हं दिसताच इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून सुएझमार्गे माल्टात आणले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. लढाई झाली नाही. तंबूंत राहून, तमाशा बघायला आलेल्या गर्दीकडे बघत, काही आठवड्यांनी ते निघाले. काही सायप्रसला, मग मायदेशी.

(दृश्य: संध्याकाळ. जहाज धक्का सोडतंय.)

सहाचा भोंगा. उशिरा आलेलं एक जोडपं गरमागरम पास्तित्सीची पुडी सांभाळत जिना चढतंय. आत रिकोटा किंवा वाटाणा, बाहेर पापुद्रे. त्यांच्या शर्टावर ते पापुद्रे अजून आहेत.

आता व्हॅलेट्टा डाव्या हाताला. दगड मधाचा नारिंगी झालाय. उजवीकडे सेंग्लीयाच्या टोकावर एक टेहळणीचा छोटा मनोरा आहे, गार्दियोला. त्याच्या भिंतीवर दगडात कोरलेला एक डोळा आणि एक कान. येणाऱ्या-जाणाऱ्याचं सगळं दिसतं आणि ऐकू येतं, ही तंबी.

जहाज त्याच्यासमोरून सरकतं. आमच्या डेकवर काकांची अंताक्षरी रंगात आली आहे. ‘म’ वर अडलीय.